मेलेले जनावर वेळ कशी सांगते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा काही मंडळींनी आम्हाला विचारले, "गणपतीच्या मांडवात मेलेल्या ढोराचा विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण बाप्पा विद्येची देवता आहे आणि विद्येला सोयरसुतक नसते. शिवाय आत्ताच पोळा झाला. ज्या बैलाच्या शिंगांना बेगड लावले, ज्याला पुरणाची पोळी भरवली, तोच बैल उद्या जंगलाच्या कडेला मरून पडला तर घरावर काय वेळ येते हे इथे बसलेल्यांना सांगावे लागत नाही. त्या बैलाला काय झाले आणि ते कधी झाले, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर शेतकऱ्याचा मुआवजा अवलंबून असतो. कधीकधी एखाद्या निरपराध माणसाची सुटकाही त्यावरच अवलंबून असते.

आम्ही दोघे हे व्याख्यान मिळून देत आहोत. आमच्यातील एक जण पशुवैद्यक आहे, दुसरा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. एकाने जनावरे पाहिलेली, दुसऱ्याने पुस्तके. दोन्ही बाजू जुळवून तुमच्यासमोर ठेवतो.

वेळ कळणे का महत्त्वाचे?

आपला भाग कसा आहे ते पाहा. पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या एका अंगाला संत्र्याचे बगीचे आणि कापसाची वावरे, तर दुसऱ्या अंगाला सातपुड्याचे जंगल. पूर्वेला शिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेला पेंच व्याघ्र प्रकल्प, उत्तरेला सातपुडा व्याघ्र प्रकल्प. या दोन जंगलांमधून वाघ, बिबट, रानडुक्कर येत-जात असतात. त्यांच्या नकाशात जिल्ह्याची हद्दही नाही आणि राज्याचीही नाही.

अशा ठिकाणी तीन प्रकारचे प्रसंग घडतात.

पहिला प्रसंग. गाय सकाळी चरायला गेली, संध्याकाळी कोठ्यात आली नाही. दोन दिवसांनी नाल्यात सापडली, मागचा भाग खाल्लेला. वाघाने मारली की ती आधीच मेली होती आणि वाघाने नंतर खाल्ली? वाघ मेलेले जनावरही खातो. गाय रोगाने मेली असेल तर वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. ती कधी मेली आणि दात कधी लागले, यातले अंतर कळले तर निकाल लागतो.

दुसरा प्रसंग. वावराच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी कोणीतरी विजेची तार सोडली. त्यात वाघ सापडला. घाबरून त्याला ओढत नेऊन दुसऱ्याच्याच वावराजवळ टाकले किंवा नाल्यात पुरले. आठ दिवसांनी वास सुटला तेव्हा वनविभाग आला. ज्याच्या वावराजवळ वाघ सापडला तो म्हणतो, "साहेब, मी त्या आठवड्यात जागलीला नव्हतोच." खरे कसे कळणार? विजेची तार जमिनीला किंवा जनावराला टेकली की कधीकधी फीडर ट्रिप होतो आणि सबस्टेशनच्या नोंदीत त्याची वेळ राहते. पण नोंदी अनेक रात्रींच्या असतात. वाघ मंगळवारच्या रात्री मेला की शुक्रवारच्या, हे कळले तरच त्या नोंदीचा उपयोग. त्यावरून त्या रात्री वीज कोणत्या लाइनवर होती आणि वावरात कोण होते, हे शोधता येते.

तिसरा प्रसंग सर्वांत दुःखद. वाघाने गाय मारली आणि रागाच्या भरात कोणी तिच्या धडावर कीटकनाशक टाकले. वाघ परत येऊन खातो आणि मरतो. त्याच्याबरोबर कोल्हे, कुत्रे, गिधाडेही मरतात. इथे दोन मृत्यूंच्या दोन वेळा असतात. गाईचा मृत्यू आधीचा, वाघाचा नंतरचा. मधल्या काळात त्या ठिकाणी कोण गेले होते, हा तपासाचा मूळ धागा असतो.

वाघ हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार वाघाचा प्रत्येक मृत्यू वेगळे काही सिद्ध होईपर्यंत शिकार म्हणूनच धरला जातो. म्हणून संशय आधी गावावर येतो. तो दूर व्हायचा तर पुरावा चांगला हवा.

जुन्या खुणा आणि आपला उन्हाळा

जनावर किती वेळापूर्वी मेले, हे ओळखण्याच्या रीती जुन्या आहेत. आपला ढोरकीसुद्धा अंग गार आहे की गरम, पाय ताठले की नाही, पोट फुगले की नाही, हे पाहून अंदाज सांगतो, आणि तो पुष्कळदा बरोबर असतो. तेराव्या शतकात चीनमध्ये सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्याने 1247 साली लिहिलेल्या ग्रंथात एक हकीकत आहे. एका खुनानंतर गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर मांडले, तेव्हा एकाच विळ्यावर माशा बसल्या. धुतलेल्या पात्यावरचे रक्त माणसाला दिसले नाही, माशांना कळले.

आजही माशी मोठी साक्षीदार आहे. दिवसा मेलेल्या जनावराच्या डोळ्यांत, नाकपुड्यांत, जखमेत माश्या लवकरच अंडी घालतात. रात्री त्या सहसा अंडी घालत नाहीत. उष्ण हवेत ती अंडी एका दिवसाच्या आतबाहेर फुटतात आणि अळ्यांच्या वाढीवरून दिवस मोजता येतात. अमेरिकेत शिकारीवर लक्ष ठेवणारे अधिकारी मेलेल्या हरणाच्या मांडीत तापमापक खुपसून वेळ काढतात.

पण या रीती आपल्याकडे मे महिन्यात अडखळतात. गाईचे अंग जिवंतपणी सुमारे साडेअडतीस अंश सेल्सियस असते. बाहेर पारा 45 वर गेला असेल तर मेलेले जनावर गार होणार कसे? उलट तापेल. अंग ताठण्याची क्रिया उष्णतेत लवकर सुरू होते आणि लवकर संपते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आधीच कोट्यवधी जिवाणू असतात, त्यामुळे काही तासांत पोट नगाऱ्यासारखे होते. थंडीत दोन दिवसांचे दिसणारे धड उन्हाळ्यात अर्ध्या दिवसाचे असू शकते. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला की शरीराच्या आत, पेशीपेशीत, आणखी एखादी खूण सापडते का पाहावी. ती खूण म्हणजे डीएनए.

डीएनए जिवंतपणीही तुटत असतो

डीएनए म्हणजे पेशीत गुंडाळून ठेवलेला फार लांब, फार बारीक धागा. त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्या प्राण्याचा सगळा आराखडा लिहिलेला असतो. माणसाच्या एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. गाईचा आणि वाघाचाही साधारण त्याच मापात येतो. शिवाय पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांचा स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो, सुमारे 16 ते 17 हजार अक्षरांचा. एका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात.

पूर्वी लोकांना वाटायचे की हा धागा अगदी टिकाऊ असेल. स्वीडनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की तसे नाही. पेशीत पाणी असते, ऊब असते, प्राणवायू असतो, आणि या तिन्हींमुळे धागा सतत झिजतो. सस्तन प्राण्याच्या एकेका पेशीत रोज सुमारे दहा हजार अक्षरे आपोआप गळतात. मग आपण जिवंत कसे? तर पेशी दिवसरात्र दुरुस्ती करत असते. या दुरुस्तीच्या शोधाबद्दल लिंडाल यांना पॉल मॉडरिच आणि अझीझ संजार यांच्यासह 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

इथे बसलेल्या आजीबाईंना हे चटकन कळेल. मातीच्या घराला सारवण लागते. ऊन, पाऊस, घुशी यांनी भिंत रोज थोडी पडत असते, पण घरधनीण रोज थोडे लिंपत असते, म्हणून घर उभे दिसते. माणसे घर सोडून गेली की भिंत काही नव्याने पडायला लागत नाही. पूर्वीसारखीच पडते, फक्त लिंपणारे कोणी नसते. रिकाम्या घराची भिंत पाहून घर किती पावसाळ्यांपूर्वी सोडले असेल, हे जुना माणूस सांगतो. मेलेल्या शरीरातल्या डीएनएवरून वेळ ओळखण्याची कल्पना हीच आहे.

मृत्यूनंतर काय होते ते क्रमाने पाहू. श्वास थांबतो, पेशींना प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा संपते, दुरुस्ती बंद पडते. पेशीत आम्लता वाढते. पेशीत पिशव्यांमध्ये बंद करून ठेवलेले पाचक पदार्थ, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, ते बाहेर येतात आणि स्वतःच्याच पेशीला पचवू लागतात. त्यातले काही एन्झाइम थेट डीएनए कापतात. त्यानंतर पोटातले आणि मातीतले जिवाणू येतात. शेवटी पाणी, ऊन आणि हवा यांचे संथ रासायनिक काम वर्षानुवर्षे चालू राहते. पहिल्या काही तासांचे आणि दिवसांचे काम एन्झाइम आणि जिवाणू करतात, नंतरच्या शतकांचे काम पाणी आणि हवा.

तुकडे मोजायचे कसे?

आता प्रयोगशाळेतली रीत. सर्वांत साधी रीत अशी. डीएनए काढून तो एका जेलीच्या पातळ वडीत ठेवतात आणि वीज सोडतात. लांब धागे जाळीत अडकून मागे राहतात, आखूड तुकडे पुढे धावतात. ताज्या मांसाचा डीएनए वरच्या बाजूला एक ठसठशीत पट्टा होऊन राहतो. शिळ्या मांसाचा डीएनए वरपासून खालपर्यंत पसरट डाग होऊन येतो. दुसरी रीत एकेका पेशीची. पेशीचे केंद्रक जेलीत ठेवून वीज सोडली की तुटलेले तुकडे शेपटीसारखे बाहेर येतात. ते धूमकेतूसारखे दिसते, म्हणून तिला कॉमेट चाचणी म्हणतात. शेपटी जितकी भरीव, तितका धागा जास्त तुटलेला.

तिसरी रीत मोजणीची, आणि तीच आज जास्त वापरतात. ती समजायला बाप्पाच्या गळ्यातला झेंडूचा हार डोळ्यासमोर आणा. समजा हाराचा दोरा कुठेही, कसाही तुटतो आहे. शंभर फुलांचा सलग तुकडा हवा असेल तर तो सहज सापडेल. हजार फुलांचा सलग तुकडा मिळणे कठीण. डीएनएचे तसेच आहे. सरासरी दर हजार अक्षरांमागे एक तूट पडली असेल, तर 100 अक्षरांचा एखादा ठरावीक भाग अखंड राहण्याची शक्यता सुमारे 90 टक्के येते आणि 1000 अक्षरांचा भाग अखंड राहण्याची सुमारे 37 टक्के. तुटी दुप्पट झाल्या, म्हणजे दर 500 अक्षरांमागे एक, तर आखूड भाग अजून 82 टक्के शिल्लक असतो, पण लांब भाग 14 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे दर 100 आखूड तुकड्यांमागे आधी सुमारे 41 लांब तुकडे सापडत होते, आता सुमारे 17 सापडतात.

यंत्र हे दोन्ही प्रकारचे तुकडे मोजते. नमुना चिमूटभर असो की वाटीभर, प्रमाण तेच राहते, हा या रीतीचा मोठा फायदा. ठरावीक हवामानात मेलेल्या जनावरांचे हे प्रमाण तासातासाला कसे उतरते याचा तक्ता हाती असेल, तर नव्या नमुन्याचे प्रमाण त्या तक्त्याशी लावून वेळेचा अंदाज करता येतो.

पण हे घड्याळ सरळ चालत नाही

इथे सावध राहायला हवे. सिनेमात दाखवतात तसे, यंत्रात नमुना घातला आणि "मृत्यू रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी" अशी चिठ्ठी बाहेर आली, असे घडत नाही.

पहिली अडचण उष्णतेची. ऊन वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होतात. दर दहा अंशांमागे वेग साधारण दुपटीच्या घरात जातो. म्हणून शास्त्रज्ञ नुसते तास मोजत नाहीत, तास आणि तापमान यांचा गुणाकार करतात. 45 अंशांत काढलेले 10 तास आणि 15 अंशांत काढलेले 30 तास या हिशेबात सारखेच भरतात, दोन्हीकडे 450. हा हिशेबही सोयीचा आहे, तंतोतंत नाही. थंड देशात केलेला तक्ता सौंसरच्या मे महिन्यात लावला तर अंदाज चुकणारच. जिथले ऊन, तिथलाच तक्ता हवा.

दुसरी अडचण अवयवाची. यकृतात पाचक एन्झाइम भरपूर, त्यामुळे तिथला डीएनए लवकर विस्कटतो. मांडीच्या स्नायूतला जास्त तग धरतो. दात आणि हाडे सर्वांत शेवटी. म्हणून चांगला तपासनीस एकाच ठिकाणचा नमुना घेत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांसाठी लवकर तुटणारा अवयव उपयोगी, जुन्या धडासाठी स्नायू किंवा हाड. अगदी पहिल्या तासांसाठी डीएनएपेक्षाही नाजूक असा आरएनए तपासण्याचे प्रयत्न झाले आहेत.

तिसरी अडचण जागेची. तेच जनावर सागाच्या सावलीत पडले, विहिरीत पडले, जमिनीत पुरले किंवा वाघाने पोट फाडून उघडे टाकले, तर प्रत्येक वेळी गती वेगळी.

या घड्याळाचा आवाका किती मोठा आहे, हेही सांगायला हवे. न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचे शहामृगासारखे अजस्र पक्षी होते, ते आता नामशेष झाले आहेत. त्यांच्या 158 हाडांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. हाडे जिथे मिळाली तिथले सरासरी तापमान सुमारे 13 अंश होते. तिथे हाडातल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे 242 अक्षरांचे तुकडे निम्मे व्हायला 521 वर्षे लागतात, असा हिशेब निघाला. हाच धागा आपल्या उन्हात पडलेल्या यकृतात काही दिवसांतच विस्कटतो.

म्हणून आजची खरी स्थिती अशी. "हा प्राणी कोणता?" या प्रश्नाचे डीएनए फार पक्के उत्तर देतो. "केव्हा मेला?" या प्रश्नाचे उत्तर तो अंदाजाने देतो, आणि ते इतर खुणांशी ताडून पाहावे लागते. वेळ ओळखण्याची ही रीत मुख्यतः संशोधनाच्या पायरीवर आहे. तापमान, अळ्या, पोटातले अन्न, शवविच्छेदन, सबस्टेशनची नोंद आणि डीएनए असे पाच-सहा साक्षीदार एकाच दिवसाकडे बोट दाखवतात, तेव्हा न्यायालयात त्याला वजन येते.

प्राणी ओळखण्याच्या कामात आपल्या देशाने मोठी मजल मारली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंग आणि डॉ. सुनील कुमार वर्मा यांनी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा असा भाग शोधला की एकाच चाचणीने शेकडो प्रकारच्या प्राण्यांची ओळख पटते. भाग लहान, आणि प्रती भरपूर. त्यामुळे शिजवलेले मांस, वाळलेले कातडे, नखांचा चुरा यांतूनही हरीण की बकरी, बिबट की वाघ, हे सांगता येते. आपल्या राज्यात जबलपूरला नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव न्यायवैद्यक आणि आरोग्य केंद्र आहे. देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. नमुना तिथे पोहोचतो, पण तो कसा पोहोचतो हे आपल्या गावात ठरते.

आपल्याच राज्यातले दोन मृत्यू

पेंचची 'कॉलरवाली' वाघीण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिने आठ वेळा मिळून 29 बछड्यांना जन्म दिला. 15 जानेवारी 2022 च्या सायंकाळी, वयाच्या सोळा वर्षांनंतर, ती गेली. शेवटच्या दिवसांत वनकर्मचारी तिच्यावर लक्ष ठेवून होते. त्यामुळे ती केव्हा गेली याबद्दल शंका नाही, कशाने गेली याबद्दलही नाही. वाघाचा इतका स्वच्छ नोंदलेला मृत्यू क्वचितच. त्यामुळे संशयाला जागा उरली नाही आणि लोकांना तिला मानाने निरोप देता आला.

दुसरी घटना बांधवगडची. 29 ऑक्टोबर 2024 पासून तीन दिवसांत तेरा हत्तींच्या कळपातले दहा हत्ती मेले. आपण गजमुख देवासमोर बसलो आहोत, तेव्हा ही आठवण जड जाते. विषबाधेचा संशय होता आणि आजूबाजूला माणसांची शेते होती. पण हत्ती लवकर सापडले, शवविच्छेदन लगेच झाले, नमुने बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेपर्यंत पोहोचले. तिथे सायक्लोपिॲझोनिक आम्ल हे बुरशीचे विष सापडले. ते बुरशी लागलेल्या कोदोतून आलेले होते. कीटकनाशके सापडली नाहीत. इथे डीएनएचा संबंध नव्हता, पण धडा तोच. नमुने वेळेत घेतले, म्हणून माणसांवरचा संशय फिटला.

आपण काय करायचे?

एवढे सांगून व्याख्यान संपवता आले असते. पण यंत्र जबलपूरला असो की हैदराबादला, पहिला पुरावा आपल्या ढोरक्याच्या हातात असतो. म्हणून काही साध्या गोष्टी.

जनावर मेलेले दिसले की लगेच घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. शेवटचे जिवंत कधी पाहिले, तेही लिहा. मोबाइलवर दूरून फोटो काढला तर त्यात वेळ आपोआप राहते. वनरक्षकाला, सरपंचाला आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा. मुआवजाच्या अर्जाला मुदत असते, आणि पुराव्याची मुदत तर उन्हात तासांची असते.

धड हलवू नका, पुरू नका, जाळू नका. धडाखाली आणि आजूबाजूला पाण्याची घागर ओतून रक्त धुऊ नका. वन्यप्राण्याच्या धडाला हात लावू नका, कुतूहल म्हणून नख किंवा मिशी घेऊ नका. तो गुन्हा आहे.

ढोराच्या नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका आणि ते कोणालाही उघडू देऊ नका. तो फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकाशिवाय कोणीही निर्णय घेऊ नये.

आमच्या तरुण पशुवैद्यक मित्रांसाठी आणि वनरक्षकांसाठी एक गोष्ट. डीएनएचा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकू नका. फॉर्मालिन सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला चांगले, डीएनएला घातक. मांसाचे छोटे तुकडे शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा, प्रत्येक अवयवाची बाटली वेगळी. केस कोरडे करून कागदी पाकिटात. विषाच्या तपासणीचा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात. प्रत्येकावर तारीख, वेळ, जागा आणि सही. त्या वेळचे हवेचे तापमानही लिहा. अल्कोहोलमध्ये तुकडा पडला की धागा तुटण्याचे बरेचसे थांबते, म्हणून बाटलीवरची वेळ हा पुराव्याचाच भाग आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे देतो.

एका काकांनी विचारले, "आमची म्हैस विम्याची आहे. ती मेली तर कंपनी डीएनए तपासेल काय?"

काका, विम्यासाठी सहसा डीएनएची गरज पडत नाही. कानातला बारा अंकी बिल्ला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वेळेत दिलेली सूचना, एवढे नीट असले की काम होते. बिल्ला पडला असेल तर म्हैस जिवंत असतानाच नवा लावून घ्या.

एका ताईंनी विचारले, "वाघानेच मारली की कुत्र्यांनी, हे कळते काय?"

कळू शकते. चाव्याच्या जागी लाळ असते आणि लाळेत डीएनए असतो. पण पाऊस पडला, धड धुतले किंवा चार कुत्री येऊन चाटून गेली, की ती खूण जाते. म्हणून ताई, धडाजवळ गावातली कुत्री जाऊ देऊ नका.

सतरंजीवरच्या एका बालमित्राने विचारले, "मग डायनासोरचा डीएनए मिळेल काय?"

नाही, बाळा. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. तो ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतून मिळाला आणि 2022 साली प्रसिद्ध झाला. डायनासोर संपून साडेसहा कोटी वर्षे झाली. तेवढ्या काळात धाग्याचे एक अक्षरही वाचण्याजोगे राहत नाही. पण 1883 साली नामशेष झालेल्या क्वागा या झेब्य्राच्या भाईबंदाचा डीएनए संग्रहालयातल्या कातड्यातून 1984 साली काढता आला. नामशेष प्राण्याचा मिळालेला तो पहिलाच डीएनए. तू मोठा होऊन हे शिकलास तर आपल्या उन्हाचा, आपल्या मातीचा तक्ता तयार कर. त्याची इथे फार गरज आहे.

मंडळींनो, वाघही आपल्या जंगलाचा आहे आणि ढोरही आपल्या कोठ्याचे. दोघांपैकी कोणीही मेले तर खरे काय घडले ते कळावे, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी आणि ज्याने काही केले नाही त्याच्यावर बालंट येऊ नये. त्यासाठी विज्ञान आपले काम करील. तुम्ही वेळ लिहून ठेवा आणि लवकर कळवा, एवढीच आमची विनंती आहे.



गणपती बाप्पा मोरया!